इमान अद्याप आले नाही

जगात जी वस्तू जितकी मोठी, तितका तिला उशीर शोभतो. लहान माणूस उशिरा आला तर त्याला कामचुकार म्हणतात. मोठा माणूस उशिरा आला तर त्याला प्रमुख पाहुणा म्हणतात. हा नियम विमानालाही लागू आहे, हे दाभेरी फाट्यावर सिद्ध झालं.

दाभेरी फाटा नांदुऱ्याहून संग्रामपूरकडे जाताना लागतो. तिथे एक कडुलिंब आहे, त्याभोवती दगडी ओटा आहे, आणि ओट्यावर बहुधा उकंडराव असतात. कडुलिंब त्यांच्या बायकोने, तानुबाईने, लावला. ती बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन फाट्यावर यायची. साडेनऊची गाडी तिला साडेनऊला कधी मिळाली नाही. चार उन्हाळे उभं राहून काढल्यावर ती म्हणाली, "वाट त पाह्यनंच हाय, मंग सावलीत पाहू," आणि रोप लावून मोकळी झाली. गाडीच्या उशिरावर इतका भरवसा असलेली बाई तालुक्यात दुसरी नसेल. झाड वाढलं, सावली पडली, आणि पुढची बावीस वर्षं तिने त्या सावलीत बसून वाट पाहिली. आयुष्यात एकच गाडी तिच्यासाठी वेळेवर आली. तिला दवाखान्यातून शेवटची घरी आणणारी. त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. तेव्हापासून उकंडराव रोज सकाळी झाडाला बादलीभर पाणी घालतात. (एवढ्या मोठ्या झाडाला पाण्याची गरज नसते. हे त्यांना माहीत आहे.)

अशा या फाट्यावरून विमान जाणार असल्याचं जाहीर झालं.

विमान साधं नव्हतं. राजकुमार शेठ नावाच्या उद्योगी गृहस्थांनी एक निवृत्त, दुमजली, जगातल्या मोठ्यांत मोडणारं प्रवासी विमान विकत घेतलं होतं. संग्रामपूरच्या अलीकडे रस्त्याकाठी ते मांडून त्यात हॉटेल काढायचं, असा त्यांचा विचार होता. आकाशात ज्याला चहा मिळाला नाही त्याला तो जमिनीवर मिळावा, हा हेतू उदात्तच म्हटला पाहिजे.

एवढी मोठी वस्तू रस्त्याने आणायची म्हणजे समिती हवी. 'विमान मार्गक्रमण समन्वय समिती' स्थापन झाली. सदस्य अकरा. पैकी विमान जवळून पाहिलेले दोन, विमानात बसलेला एक, आणि तोही झोपला होता. प्रमुख होते अनंत साहेब. स्वभावाने सज्जन, अक्षर सुरेख. समितीने विमानाचं माहितीपत्रक मागवलं आणि त्यातली मापं लोकांना समजतील अशा भाषेत फलकावर लावली:

लांबी त्र्याहत्तर मीटर, म्हणजे सहा बसगाड्या एकामागे एक.
उंची चोवीस मीटर, म्हणजे नांदुऱ्याच्या मोठ्या मारुतीच्या छातीपर्यंत.
पंखांचा पसारा ऐंशी मीटर, म्हणजे फाट्यापासून माणिकरावांच्या गोठ्यापर्यंत, म्हशी धरून.

माणिकराव म्हणजे दाभेरीचे सरपंच. त्यांनी लगेच ग्रामसभा घेतली. ठराव त्यांनी स्वतः सांगितला आणि लिहिणाऱ्याने जसा ऐकला तसा लिहिला: 'आपल्या गावातून इमान जाण्यास ग्रामसभेची हरकत नाही.' आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात. ठराव जिल्ह्याला गेला, आणि तिथून शेरा आला की 'इमान कोठून येणार व कोठे जाणार, याचा खुलासा करावा.' खुलासा करण्यात तीन आठवडे गेले. पण एकदा फायलीवर इमान हा शब्द चढला तो चढलाच. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच शब्दात झाला, कारण शब्द बदलायला वेगळा ठराव लागला असता.

पंख ऐंशी मीटर, म्हणून रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस मीटर जागा मोकळी करायचं ठरलं. हिशेबात कुठेही चूक नव्हती. बाधित वस्तूंची यादी निघाली: झाडं दोनशे चौदा, विजेचे खांब एकसष्ट, थांब्याच्या पाट्या सात, बुजगावणी पाच (मालकांना स्वतंत्र नोटिसा), आणि एक मैलाचा दगड. दगड गुडघ्याएवढाच होता, पण नियमाला उंची नसते. यादी संग्रामपूरकडून सुरू झाल्यामुळे तानुबाईच्या कडुलिंबाला शेवटचा क्रमांक मिळाला. दोनशे चौदा.

हरकती आणि सूचना ऐकण्याचा दिवस ठरला. उकंडराव धुतलेली टोपी घालून गेले.

"साहेब, हार्वेस्टर पाह्यलं का तुमी?"

"पाहिलंय. त्याचं काय?"

"ते रस्त्यानं येते तवा त्याचा कापनीचा दांडा काढते अन् मांगं गाड्यावर बांधून आनते. दांडा लावून आनलं तं कोनत्याच पांदनीत मावनार नाही. तसं इमानाचे पंख काढूनच आनतीन ना?"

माणिकराव हसले. "उकंडभाऊ, इमानाचे पंख काहाडले तं मंग त्याले इमान काऊन म्हनाचं? कोंबडी हाय का ते?"

अनंत साहेबांनी मात्र सूचना नीट लिहून घेतली. आठव्या दिवशी लेखी उत्तर आलं: 'आपली सूचना हार्वेस्टरविषयक असल्याने कृषी विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.' कृषी विभागाने ती वाचली असणार. निदान पोच तरी आली.

विमानाची पहिली तारीख होती बारा जानेवारी. मग सव्वीस. मग नऊ फेब्रुवारी. दर तारखेला हारतुरे यायचे, बँड यायचा, शाळेतली मुलं झेंड्या घेऊन रांगेत उभी राहायची आणि घरी जायची. दर तारखेच्या आधी काही झाडं तोडली जायची, म्हणजे तयारीत खंड पडला असं कुणी म्हणू नये. अशा रीतीने दोनशे तेरा झाडं गेली. दोनशे चौदावं राहिलं, त्याचंही कारण फायलीत आहे: बाकीची झाडं गेल्यामुळे बंदोबस्ताच्या लोकांना बसायला दुसरी सावली उरली नव्हती. म्हणून आदेश निघाला की क्रमांक दोनशे चौदा इमान येण्याच्या आदल्या दिवशी तोडावे, तोपर्यंत समितीने त्याचा वापर करावा.

उकंडरावांची पंचाईत इथे झाली. ज्या फाट्यावर त्यांच्या बायकोने उशिराला सव्वीस वर्षं शिव्या घातल्या, तिथेच ते रोज सकाळी बादली रिकामी करून हात जोडायला लागले. "देवा, आजही येऊ देऊ नको." सगळा तालुका विमान यावं म्हणून डोळे लावून बसला होता, आणि एकटा माणूस उलट्या दिशेने जोर लावत होता. तारखा पाहिल्या तर जोर त्याचाच जास्त भरला.

चौथी तारीख जवळ आली तसा रस्ता कडक बंद झाला. विमानाला अडथळा नको म्हणून जे येईल ते फाट्यावर थांबवलं जाई. त्या आठवड्यात थांबवलेल्या वाहनांची नोंद अशी: सरकीचे ट्रक चार, निळ्या ताडपत्रीने झाकलेले लांब ट्रेलर नऊ, वरात एक (नवरदेवासह), मेंढ्यांचा कळप एक. वरात तिसऱ्या तासाला सोडली. मेंढ्या स्वतःच निघून गेल्या. ट्रक दुसऱ्या वाटेने वळले. ट्रेलर लांब असल्याने वळू शकले नाहीत, म्हणून ते झाडाजवळ रांगेत उभे राहिले.

ट्रेलरवाल्यांत गणेश नावाचा ड्रायव्हर होता. लोणारचा. ओट्यावर बसून तो उकंडरावांच्या डब्यातली भाकर खायचा आणि बोलायचा.

"काका, कवा येऊन राह्यलं हे इमान?"

"येईन. तुले घाई हाय का?"

"मले काय घाई. पन आमच्या लोनारले आभायातून एवढा मोठा गोटा आला, तवा ना समिती होती ना तारीख. आला अन् पडला. एक झाड अगुदर तोडलं नाही कोनी."

"पडल्यावर किती रायले?"

गणेशने विचार केला. "थे बी हाय म्हना."

इकडे राजकुमार शेठ समितीला रोज फोन करत होते की माझं विमान वाटेत अडकलं आहे, काहीतरी करा. समितीने त्यांच्या तक्रारीची गंभीर दखल घेतली आणि अडथळा येऊ नये म्हणून बंदोबस्त दुप्पट केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. एका ट्रेलरच्या ताडपत्रीची दोरी सुटून फडफडायला लागली. शेतकऱ्याला सुटलेली दोरी पाहवत नाही. उकंडराव उठले, टोक धरलं, गाठ मारायला वाकले आणि तसेच राहिले. ताडपत्रीच्या आत खिडक्या होत्या. लहान, गोल कोपऱ्यांच्या, ओळीने. एका ओळीवर दुसरी ओळ. एका खिडकीचा पडदा अर्धा खाली होता, कुणी ऊन लागतं म्हणून ओढावा तसा.

"गन्या, तू काय आनलं बे?"

"भंगार. कागदावर लिहेल हाय, ॲल्युमिनियमचे सुटे भाग, नग नऊ. मी तं अर्ध्या वाटेत गाडी ताब्यात घेतली. काऊन?"

"हे इमान हाय."

"काका, ऊन लागलं तुमाले. इमानाले पंख राह्यते."

दोघं रांगेच्या शेवटपर्यंत गेले. आठव्या आणि नवव्या ट्रेलरवर पंख होते. तुकडे करून, एकावर एक रचून, कडब्याच्या पेंढ्यांसारखे.

गणेशने कपाळावर हात मारला. "मंजे तीन दिवसापासून मी इमानाले वाट द्याले इमान घेऊन उभा हाव?"

उकंडराव ओट्यावर येऊन बसले. ही गोष्ट ज्या एका माणसाला धावत जाऊन सांगावी, ते माणूस घरी नव्हतं. ती असती तर पोट धरून हसली असती. थोडा वेळ ते झाडाच्या बुंध्याकडे पाहत बसले, मग उठून अनंत साहेबांच्या खुर्चीपाशी गेले. खुर्ची त्याच झाडाखाली होती.

"साहेब, समजा, इमान आलंच असंन तं?"

"कुठे आलंय?"

"समजा म्हनलं. आलं, अन् हे झाड उभंच हाय. मंग झाड तोडाची काय गरज?"

साहेब प्रामाणिक होते, त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. "गरजेचा प्रश्न नाही हो. आदेशात आहे, येण्याच्या आदल्या दिवशी तोडायचं. इमान आलं आणि झाड उभं दिसलं, तर अहवालात काय लिहू? त्याच घटकेला तोडावं लागेल, आणि तारीख कालची टाकावी लागेल."

म्हणजे विमान आल्याचं सांगितलं तर झाड गेलं. न सांगता ट्रेलर इथेच ठेवले तर आज ना उद्या दुसऱ्या कुणाची तरी गाठ सुटणार. उकंडरावांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"साहेब, एक सांगू? हे नऊ ट्रेलर रस्त्याच्या आंगालेच उभे हायेत. तुमचं इमान आलं तं त्याचा पंख पह्यले याहीलेच लागंन."

अनंत साहेब उभे राहिले. चार महिन्यांत एवढी मुद्द्याची सूचना समितीपुढे आली नव्हती. त्यांनी अकराही सदस्यांना बोलावलं. दहा मिनिटांत एकमताने ठरलं की सदर ट्रेलर हे इमानाच्या मार्गातले अडथळे असून ते तातडीने पुढे काढावेत. पुढे पोलिसांची जीप, मागे जीप, भोंगा चालू, आणि अकरा सदस्य रस्त्याच्या कडेला उभे राहून हातवारे करतायत, "चला, चला, लवकर, इमान यायचंय!" बँडवाल्यांना काही कळलं नाही, त्यांनी सवयीने वाजवलं. गणेशने खिडकीतून हात बाहेर काढून उकंडरावांना रामराम केला. नऊही अडथळे दुपारी तीनच्या आत विमानाच्या जागी सुखरूप पोहोचले.

उकंडरावांना समितीकडून प्रशस्तिपत्र मिळालं: 'इमानाचा मार्ग मोकळा केल्याबद्दल.' ते त्यांनी तानुबाईच्या फोटोशेजारी खिळ्याला लावलं आहे.

विमान जोडून झालं. हॉटेल उत्तम चालतं. खालच्या मजल्यावर शेवभाजी मिळते, वर कुटुंबासाठी वेगळी सोय आहे, आणि शेपूट खरोखर मारुतीच्या छातीपर्यंत येईल एवढं आहे. पण दाभेरी फाट्याच्या नोंदवहीत त्या रस्त्याने विमान गेल्याची नोंद नाही, म्हणून ते कागदोपत्री अजून वाटेत आहे. उशिराची कारणं तपासायला समितीची बैठक दर महिन्याला होते. बाहेर उन्हाचा ताप फार (झाडं नाहीत), म्हणून ती हल्ली विमानाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर होते. शेवभाजी झाल्यावर अनंत साहेब सुरेख अक्षरात शेरा लिहितात, 'इमान अद्याप आले नाही', आणि अकराही जण खाली सही करतात. तो शेरा आहे तोवर क्रमांक दोनशे चौदाचा आदला दिवस उजाडत नाही. उकंडराव बादली घालतात, ओट्यावर बसतात, आणि गाडीला उशीर झाला तर कुणाला बोल लावत नाहीत.

आता वाचकांविषयी. विमान कधी येतं याची तुम्हीही या गोष्टीत सुरुवातीपासून वाट पाहत होतात. ते चार सरकीच्या ट्रकांमागे आणि एका वरातीपुढे, निळी ताडपत्री पांघरून तुमच्यासमोर उभं होतं. तुम्ही नवरदेवाला हसलात आणि पुढे सरकलात. लाजायचं कारण नाही. समितीत सदस्य अकरा आहेत, पण त्या टेबलाला खुर्च्या बारा आहेत.