उजव्या हाताला समुद्र

आबासाहेब रस्त्याने चालले की दोन्ही अंगांना काय काय आहे ते मोठ्याने सांगत चालत. सोबत कुणी असो वा नसो. "उजव्या हाताला अत्ताराचं दुकान. डाव्या हाताला म्हस बसलीया. फुडं गटार हाय." गडहिंग्लजकडचा एक पाहुणा पेठेत नवीन आला होता, तो बराच वेळ आबासाहेबांच्या मागे आंधळा माणूस शोधत राहिला. जेवायला बसले तरी तेच. उजव्या हाताला भाजी, डाव्या हाताला चटणी, मधी भाकरी, एवढं जाहीर झाल्याशिवाय पहिला घास तोंडात जात नसे. अत्तार म्हणायचा, आबासाहेब मेल्यावर यमालाही वाट दाखवत नेतील.

पेठेत त्यांना 'लंकेकर' म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण माणूस महाराजांच्या पागेत होता, घोड्यांचा दाणागोटा त्यांच्या नजरेखालून जाई, आणि घराणं जुनं.

मी त्यांच्याकडे कसा आलो ते आधी सांगतो. मी मालवणकडचा. मराठी दुसरीत शाळा सुटली, सुई हातात आली, आणि घाट चढून कोल्हापुरात एका शिंप्याच्या दुकानी लागलो. पागेतल्या मोतद्दारांचे कपडे तिथे शिवत. आबासाहेब कोटाचं माप द्यायला आले आणि गाव विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, "म्हंजे समुद्र बघितलायस?" परक्या गावात मोठ्या माणसाला काय उत्तर आवडेल याचा मला सदाच घोर. मी म्हटलं, "लांबून." त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "मग तुला सांगाय पायजे," म्हणाले, आणि आठवड्याच्या आत त्यांच्या सोप्याच्या टोकाची खोली मला मिळाली. ज्याचा बाप मचव्यावर जन्म काढून मेला, त्याला त्या दिवसापासून लाट म्हणजे काय हे शिकवणं सुरू झालं. मी मान डोलावत राहिलो. डोक्यावर छप्पर होतं. त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

आता लंकेचं. महाराज गादीवर येऊन काही वर्षं झाली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. पागेत घोडी तपासायला एक गोरा डॉक्टर यायचा. त्याने आबासाहेबांना सांगितलं की आमच्यात लग्न झालं की नवराबायको दोघंच परमुलखात हिंडायला जातात, त्याला हनीमून म्हणतात. आबासाहेबांचं लग्न नुकतंच झालेलं. मुरगूडच्या घरंदाज पाटलांची लेक. पण त्या घरात गोशा कडक. दिवसाउजेडी चारचौघांत बायकोशी बोलायचं नाही, आणि रात्री बोलावं तर भिंतीपलीकडे आईसाहेबांचा खोकला जागा. लग्नाला चार महिने झाले तरी नवऱ्याने बायकोला सलग चार वाक्यं ऐकवली नव्हती. डॉक्टराचं बोलणं ऐकून त्यांना वाटलं, बोलायचं तर समुद्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही.

आईसाहेबांना त्यांनी सांगितलं की साहेबलोकांत हा लग्नातला शेवटचा विधी असतो, तो केल्याबिगर लग्न पुरं होत नाही. आईसाहेब विधींना फार मानत. थोडा विचार करून म्हणाल्या, विधी असंल तर करावा. पण गोशा मोडायचा नाही, आणि गंगू बरोबर जाईल. गंगू म्हणजे त्यांची जुनी बटकी, चालतीबोलती चौकी. वर, निघायच्या दिवशी आईसाहेबांनी माजघराच्या दाराचा पडदा स्वतःच्या हाताने उतरवला. किरमिजी, दुपदरी, घोंगड्यासारखा जाड. तो घडी करून ट्रंकेत ठेवला. परमुलखातले पडदे पातळ असतात, त्यांचा काय भरवसा.

असे ते दोघंच कोलंबोला गेले. ते दोघं, गंगू, आणि पडदा.

तिथे काय झालं ते मला गंगूकडून कळलं. ती माझ्याकडे चोळ्या शिवायला यायची आणि बोलायला तिला कापडाहून कमी निमित्त लागे. कोलंबोत त्यांनी भाड्याची घोडागाडी केली. गाडीला पडदा खिळ्यांनी ठोकून घेतला. आत कणगीसारखा अंधार. त्यात वैनीसाहेब आणि गंगू. गंगूला आगबोट लागली होती ती अजून उतरली नव्हती, ती डोळे मिटून, गालात तंबाखू धरून एका कोपऱ्यात पडलेली. पण कान उघडे. आबासाहेबांना ते माहीत होतं. गंगूच्या देखत बायकोला हाक मारणं म्हणजे आईसाहेबांच्या देखत मारणं.

म्हणून आबासाहेब गाडीत बसलेच नाहीत. गाडीच्या बाजूने पायी चालत राहिले आणि जे दिसेल ते मोठमोठ्याने गाडीवानाला सांगू लागले. "उजव्या हाताला समुद्र! लाट केवढी उठली बघ! डाव्या हाताला नारळी! फुडं दिव्याचा मनोरा!" गाडीवान त्या मुलखातलाच, जन्म त्याच रस्त्यावर गेलेला. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्याला वाटलं आपल्याला शिव्या बसताहेत, म्हणून त्याने घोड्याला चाबूक मारला. गाडी पळाली. आबासाहेब कोट सावरत मागे पळाले, समुद्र सांगत. दोन दिवस सगळं कोलंबो त्यांनी असंच पळत पाहिलं. पोरंसोरं मागे लागली, त्यांना वाटलं हा पटकेवाला काहीतरी विकतोय. गंगू सांगताना लुगड्याच्या पदराने डोळे पुसायची. "आन् घेत तर कुनीच न्हाय," म्हणायची.

परत आल्यावर भटजींनी पंचगव्य दिलं. पडदा पुन्हा माजघराच्या दाराला लागला. आईसाहेबांनी सुनेला समोर बसवून विचारलं, काय बघितलंस लंकेत? सून खाली मान घालून म्हणाली, "पडदा."

आईसाहेब प्रसन्न झाल्या. सुनेच्या ओटीत नारळ घातला. आबासाहेब सोप्यात जोडे काढत होते, त्यांनी तो शब्द ऐकला. त्याच संध्याकाळपासून त्यांनी लंका सांगायला घेतली, आणि कधी थांबले नाहीत.

पहिल्या वर्षी ऐकायला पेठ लोटायची. रावणाचा वाडा पाहिला का, सोन्याच्या विटा खऱ्या का, असले प्रश्न. दुसऱ्या वर्षी चारजण. मी आलो तेव्हा कुणीच उरलं नव्हतं, म्हणून तर मला खोली मिळाली. दिवेलागणीला आबासाहेब लोडाला टेकून बसत, तोंड माजघराच्या पडद्याकडे. मी समोर, पडद्याकडे पाठ करून. मग माझ्या डोक्यावरून आवाज जायला लागे. मनोरा झाला, नारळी झाल्या की विचारत, "कळलं न्हवं? न्हायतर परत सांगतो." मी कळलं म्हणायचो. माझ्या पाठीमागे बांगड्या एकदा वाजत. मग ते पुढे जात. बांगड्या वाजल्या नाहीत तर तेच पुन्हा सांगत, मी कितीही माना हलवल्या तरी.

मी मूर्ख. मला वाटायचं, एवढा मोठा माणूस दुसरीत शाळा सोडलेल्या परगावच्या शिंप्यापाशी मन मोकळं करतो. गावाकडे आईला निरोप धाडताना तसं कळवलंही होतं. गंगूने गाडीवानाची गोष्ट सांगितली तेव्हा हातातली सुई थांबली. गंगू हसत होती, मी तोंडदेखलं हसलो. तो गाडीवान मीच होतो. निदान त्याला घोडा तरी होता.

पण संध्याकाळी पुन्हा जाऊन बसलो. जाणार कुठे?

एक गोष्ट मात्र आबासाहेबांनाही उलगडत नसे. लंकेत नदीवर हत्ती अंघोळीला आणतात, ते सांगायची वेळ आली की पडद्यामागून बारीक हसू यायचं. दर वेळी, त्याच जागी. हत्ती पाण्यात बसले, माहुतांनी करवंट्यांनी पाठी घासल्या, एवढंच तर वर्णन. आबासाहेब गोंधळून माझ्याकडे बघत. "ह्यात हसण्यासारखं काय हाय रं?" मी म्हणायचो, काही नाही.

एकदा हत्ती सांगून झाले. आईसाहेब आत देवापाशी होत्या. आबासाहेबांनी माझ्या तोंडाकडे बघत, पण नेहमीपेक्षा हळू सांगितलं, "फुडल्या खेपंला उघडी गाडी करायची. आईसाहेबांच्या माघारी. पडदा न्हाय, गंगू न्हाय. दिलं वचन." मग बांगड्या वाजल्या. एकदाच.

आईच्या मरणावर ठेवलेलं ते वचन. माणूस आईवर जीव टाकणारा. तिला औषध स्वतः उगाळून द्यायचा, पाय चेपायचा, आणि संध्याकाळी उघड्या गाडीचा विषय काढला की त्याचं तोंड ओशाळं व्हायचं. आईसाहेब दांडग्या. वर्षांमागून वर्षं जगल्या. वैनीसाहेबांच्या बांगड्यांचा आवाजही त्या काळात सावकाश झाला, बाई थोराड झाली असेल. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एका घरात इतकी वर्षं राहून मला त्यांचा फक्त आवाज ठाऊक होता, तोही काचेचा.

शेवटी आईसाहेब गेल्या. वर्षश्राद्ध झालं. दिवाळी करून निघायचं ठरलं. आबासाहेबांनी मला शालीला अस्तर लावायला दिलं, समुद्रावर वारा फार असतो म्हणून. मी म्हटलं, असेल. अस्तर लावून होतंय तोवर पेठेत उंदीर पडले.

प्लेगला सगळं गाव घरं सोडून माळावर जायचं, तसं आम्हीही गेलो. कुडाच्या झोपड्या. झोपडीला कसला पडदा, दारालाच फळी नव्हती. तिथे वैनीसाहेबांना गाठ आली. गंगू सांगते, दोन दिवस आबासाहेब उशाशी बसून होते आणि गाडीवान मधे न घेता बोलत होते. "उजव्या हाताला जोंधळा हाय. निसवलाय बघ. वर आभाळ हाय." हे बायकोला तोंडावर सांगितलेलं पहिलं स्थळवर्णन. तिने बघितलं की नाही कुणास ठाऊक. ताप डोक्यात गेला होता.

घरी परतल्यावर पडदा होता तिथेच होता. दिवेलागणीला आबासाहेब लोडाला टेकले. मी समोर बसलो. समुद्र झाला, नारळी झाल्या. "कळलं न्हवं?" त्यांनी विचारलं आणि थांबले. मी कळलं म्हटलं. ते थांबूनच राहिले. मग पहिल्यापासून सांगायला लागले. असे कित्येक महिने. अत्तार म्हणाला, आबासाहेबांचं फिरलंय, खोली बदल. मी बदलली नाही. त्यात माझा मोठेपणा नाही, दुसरी मिळण्याची खात्री नव्हती.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "तू जरा पल्याड जाऊन बस. आवाज पोचत हुता का ते बघ."

मी आयुष्यात माजघरात पाऊल टाकलं नव्हतं. पडद्यामागे एक बुटका पाट भिंतीला धरून होता, त्यावर बसलो. बाहेरून समुद्र सुरू झाला. प्रत्येक शब्द स्वच्छ येत होता. समोर किरमिजी अंधार. मग त्या अंधारात, बसल्या माणसाच्या डोळ्यापाशी, मला उजेडाचा एक ठिपका दिसला.

भोक होतं. नखाएवढं. कड, काजाची शिवतात तशी, बारीक टाक्यांनी घट्ट शिवलेली, सूत पडद्याच्याच रंगाचं, पडद्याबरोबरच विटलेलं. बाहेरच्या बाजूने चुणीत लपत होतं. मी डोळा लावला.

"पोचतो का आवाज?" आबासाहेबांनी विचारलं.

"पोचतो जी. आणि दिसतंही."

"दिसतं? काय दिसतं?"

"तुम्ही."

ते उठून आत आले. मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी वाकून आधी डोळा लावला, मग त्या शिवणीवरून अंगठा फिरवला. पडद्याच्या कडेला गाडीच्या खिळ्यांचे गंजके डाग अजून होते, त्यांवरूनही फिरवला.

"नदीवर हत्तीनं माझा पटका उचलून पाण्यात टाकलावता," ते म्हणाले. "उघड्या डोक्यानं पळालो मी. गंगू झोपली हुती. कुनाला सांगिटलं न्हाय आजवर."

आणि हसायला लागले. दर वेळी त्या जागी का हसू यायचं ते त्यांना इतक्या वर्षांनी कळलं होतं. मीही हसलो. मग त्यांचं हसू मधेच तुटलं आणि ते पाटावर बसले.

"समुद्र उजव्या हाताला हुता," ते म्हणाले. "आन् मी बी गाडीच्या उजव्या अंगाला चालत हुतो. मधी मीच की रं."

मला सांगायचं होतं की मी समुद्राकाठचा आहे, समुद्र काही एवढा पाहण्यासारखा नसतो. सांगायचं होतं की ज्या बाईने काज इतकं जपून शिवलं तिला जे बघायचं होतं ते तिने बघितलं. पण इतकी वर्षं 'लांबून' म्हणत आलेलं तोंड, ते आयत्या वेळी उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आलो तर आबासाहेबांनी लोड उचलून भिंतीकडेला नेला होता, आणि ते अंग चोरून तिथे बसले होते. आता त्या भोकाला डोळा लावला तर मधे कुणी येत नाही. सोपा ओलांडून थेट दार दिसतं, दारातून रस्ता, आणि उजव्या हाताला अत्ताराचं दुकान.