बुजगावण्याचा कोट

"भाजी मंद आचेवर ठेवलीय. तासाभरात परत यायचं, आत्ताच सांगून ठेवते," बूट चढवता चढवता बायकोने बजावलं. "हो गं हो," म्हणत कुलूपवाल्याने दाराला आपलं ते जगप्रसिद्ध कुलूप लावलं. जगप्रसिद्ध म्हणजे त्याच्या मते. जगाला अजून पत्ता नव्हता.

कुलूप त्याने स्वतःच्या हाताने घडवलं होतं आणि दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'दार तुटेल, कुलूप नाही.' त्याला किल्ली एकच. दुसरी करायचं नाव काढलं की तो उसळायचा, "दुसरी किल्ली म्हणजे चोराला आमंत्रण!" हे वाक्य घरात इतक्यांदा झालं होतं की अर्धं तो म्हणे आणि उरलेलं बायको भांडी घासता घासता पुरं करी.

आज संध्याकाळी ते राहत होते त्या इमारतीच्या मंडळाचे अध्यक्ष जेवायला यायचे होते. जेवण नावाला, बघायचं होतं कुलूप. पसंत पडलं तर इमारतीतल्या एकूण एक दाराला तेच बसणार. नाही पडलं तर कुलूपवाल्याने आपलं दुकान बंद करून मेहुण्याच्या दुकानात उभं राहायचं आणि कारखान्यातली पत्र्याची कुलपं 'घ्या साहेब, एकदम मजबूत' म्हणत विकायची. त्या धसक्याने त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अध्यक्षांचं पोट नाजूक, म्हणून बेत साधाच होता. गाजर, बटाटा, मटार, कोबी, वरून मिरपूड, सोबत पाव. घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजवण्यापेक्षा गावाबाहेर फिरून येऊ, म्हणून बायकोने त्याला बळेच बाहेर काढलं.

थंडी नुकतीच आवरतं घेत होती. झाडं अजून उघडीच, पण फांद्यांच्या टोकांना बारीक कोंब फुटले होते आणि बांधावर पिवळी फुलं डोकं वर काढत होती. सबंध हिवाळा खिडकीत बसून विणकाम केलेली बायको हरखून गेली. "अहो, बघा ना किती गोड!" ती म्हणाली. "गंजलंय पार," तो म्हणाला. तो एका फाटकाची कडी बघत होता.

पुढे एका शेतात औजारांचं खोपट होतं आणि त्याच्या दाराला तांबूस पडलेलं एक जुनं कुलूप लोंबत होतं. संपलं. कुलूपवाला रस्ता सोडून ढेकळांत शिरला.

"अहो, भाजी!"

"दोनच मिनिटं गं. बिचारं किती अडकलंय बघ."

"बिचारं? मी सकाळपासून राबतेय, मला कधी बिचारी म्हणालात?"

पण तो ऐकायच्या पलीकडे गेला होता. दुपारचं ऊन चांगलंच तापलं होतं. त्याने कोटातून बारीक तार काढली, तेलाची बाटली काढली आणि कोट शेजारच्या बुजगावण्याच्या खांद्यावर चढवला. तो बुजगावण्याला त्याच्यापेक्षा बरा बसला. मग ठोक, फुंकर, तेल, पुन्हा ठोक. बायको बांधावर बसून पिशवीतली क्रोशाची सुई काढून विणू लागली आणि तिचा अर्धा रुमाल झाला तेव्हा कुठे कुलूप खट्कन उघडलं. कुलूपवाल्याच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडला. तार त्याने कौतुकाने कोटाच्या खिशात परत ठेवली आणि तिथेच उभा राहून कुलूप चार वेळा उघडून-लावून बघितलं. शेवटी बायकोने त्याचा दंड धरला आणि "चला म्हणते ना!" म्हणत त्याला ओढतच रस्त्यावर आणलं.

परतताना दोघं जवळजवळ पळत होती. अंग इतकं तापलं होतं की थंडी कोणाला वाजते? ती वाजली इमारतीच्या जिन्यात. कुलूपवाल्याने कुडकुडून कोटाचं बटण लावायला हात नेला आणि हाताला नुसता सदरा लागला.

"कोट," तो म्हणाला.

"काय?"

"किल्ली कोटात. तार कोटात. दुकानाची किल्लीसुद्धा कोटात." मग बारीक आवाजात, "कोट बुजगावण्याच्या अंगात."

बायकोने दारापाशी नाक नेलं. आतून शिजलेल्या भाजीचा वास येत होता. छान शिजलेल्या भाजीचा. म्हणजे त्यापुढे काय होणार ते उघड होतं. शेतापर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता.

"उघडा की! तुमचंच कुलूप आहे ना?" ती म्हणाली.

"उघडतो. नुसती एक तार मिळू दे."

तार मिळण्याआधी अध्यक्ष मिळाले. हातात फुलांचा गुच्छ घेऊन ते ठरलेल्या वेळेच्या आधीच जिना चढून आले. कुलूपवाला पेचात पडला. आता हे कुलूप नुसत्या तारेने उघडलं, तर 'दार तुटेल, कुलूप नाही' त्यांच्या डोळ्यांदेखत खोटं ठरणार. नाही उघडलं, तर घर पेटणार.

"किल्ली विसरलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"प्रात्यक्षिक!" कुलूपवाला ओरडला. "तुम्हाला दाखवतो, माझ्यानेसुद्धा हे उघडत नाही!"

"वा!" अध्यक्ष म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर ऐसपैस बसले.

गलका ऐकून वरच्या मजल्यावरचे निवृत्त दातांचे डॉक्टर आले. त्यांनी आपली दात कोरायची हत्यारं आणली होती. "आधी त्याला आ करायला सांगा," असं म्हणून ते स्वतःच हसले. कुलूपवाला हसला नाही. त्याने त्या हत्यारांतला एक आकडा कुलपात घातला. मग दुसरा. सुरुवातीला तो उघडत नसल्याचं नाटक करत होता. वास बदलला तसं नाटक सोडून त्याने खरोखर जोर लावला आणि त्याला घाम फुटला. कुलूप खरंच उघडत नव्हतं! आयुष्यात एवढा अभिमान आणि एवढी भीती त्याला एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

"वा," अध्यक्ष म्हणाले. आता जरा हळू.

"जळतंय हो!" बायको म्हणाली. तिने हातातली पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

दाराच्या फटीतून धुराची रेघ बाहेर आली. डॉक्टर खोकले. आकडा मोडला. अध्यक्ष उभे राहिले, पण या वेळी 'वा' म्हणाले नाहीत. कुलूपवाल्याने दाराला खांदा दिला. दार तसूभरही हललं नाही. पाटीवर उगीच लिहिलं होतं, दारसुद्धा तुटत नव्हतं.

"शिडी!" बायको एकदम ओरडली. "मागच्या अंगणात शिडी आहे, ती खिडकीला लावा. जा, तिघेही जा, जड आहे ती! बघत काय उभे राहिलात?"

तिघे धावले. शिडी उचलून भिंतीला टेकवतात तोच वरची खिडकी उघडली, धुराचा लोट बाहेर पडला आणि मागून बायकोचं डोकं. "या वर," ती म्हणाली. "किल्ली माझ्याच पिशवीत होती. वेंधळी मी."

कुलूपवाल्याला इतकं हायसं वाटलं की पुढचा विचार त्याने केलाच नाही. पातेल्याचं बूड कोळसा झालं होतं. बायकोने वरची भाजी अलगद काढून घेतली, मिरपूड घातली, पाव गरम केले आणि डॉक्टरांनाही बसवून सगळ्यांना वाढलं.

"हा धुरकट वास मुद्दाम आणलाय का, वहिनी?" अध्यक्षांनी विचारलं.

"मुद्दाम नाही आणता येत," ती म्हणाली.

कुलूपवाल्याने पहिला घास घेतला. कितीतरी दिवसांनी तो सरळ खाली उतरला. आता अध्यक्ष कुलपाचं बोलतील म्हणून तो कान देऊन बसला. अध्यक्ष हवेचं बोलले, मटारचं बोलले, रुमालाने तोंड पुसून जिन्याच्या दिव्याचंसुद्धा बोलले. तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक शेतकरी उभा होता. हातात कोट. "या खिशातल्या कागदावर हा पत्ता होता," तो म्हणाला. "माझ्या खोपटाचं कुलूप तुम्हीच मोकळं केलंत ना? देव भलं करो! फावडी अडकून पडली होती माझी. आणि ही घ्या, किल्ल्या खिशातच राहिल्या होत्या."

किल्ल्या टेबलावर ठेवून तो गेला. अध्यक्षांनी किल्ल्यांकडे बघितलं, मग दाराकडे, मग बायकोकडे.

"वहिनी, मग दार कसं उघडलंत?"

बायकोने मान खाली घालून पिशवीतून क्रोशाची सुई काढली आणि टेबलावर ठेवली. "बसवलं त्या आठवड्यापासून उघडतेय," ती म्हणाली. "किल्ली एक आणि माणसं दोन. हे दुकानात. बाजारातून आले की मी काय जिन्यात बसायचं? यांना सांगितलं असतं तर जिवाला लावून घेतलं असतं."

कुलूपवाल्याला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याच्या डोळ्यांपुढे मेहुण्याचं दुकान आलं, पत्र्याच्या कुलपांची रांग आली. पण खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "साहेब," तो म्हणाला, "बघितलंत ना? माझ्या कुलपाचं विसरून जा."

"विसरायचंच तर दुखणं आहे!" अध्यक्ष म्हणाले. "अहो, मी आठवड्यातून एकदा तरी किल्ली विसरतो. हे डॉक्टर तर कवळी विसरतात! अख्खी इमारत म्हाताऱ्यांची. तुम्हालाच ते उघडेना म्हटल्यावर मी जिन्यात ठरवून टाकलं होतं, नको बाबा हे कुलूप. कसं सांगावं म्हणून मघापासून मटारचं बोलतोय. पण उघडणारं माणूस जर इमारतीतच राहतंय…" त्यांनी आणखी एक पाव उचलला. "बसवा सगळ्या दारांना. चोर येणार नाही, आणि आम्ही बाहेर राहणार नाही."

पाहुणे गेल्यावर कुलूपवाला बाह्या सरसावून जळकं पातेलं घासायला बसला. बराच वेळ तो घासत होता. मग हळूच म्हणाला, "अगं, एकदा दाखव ना. कसं उघडतेस?"

बायकोने सुई पिशवीत टाकली आणि पिशवीची चेन ओढली. "दुसरी किल्ली म्हणजे," ती म्हणाली, "चोराला आमंत्रण."

"अगं, पण मी नवरा आहे तुझा!"

"म्हणून तर. नीट घासा, बूड अजून काळंच आहे."