कॅसेटवरची फुंकर

"आज दुपारी तू फक्त झोपायचं," नवऱ्याने जाहीर केलं. "चिंगीला मी बघतो. माझा जुना व्हिडिओ गेम आईकडून आणलाय. पोरीला कळू दे, खरं बालपण काय असतं ते."

चार वर्षांच्या चिंगीच्या तापाने आठवडाभर तिच्या आईच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. आता ताप उतरला होता आणि नवरा चढला होता. तिने मुकाट्याने बेडरूमचं दार लोटून पांघरूण ओढलं. एक दुपार झोप. काही राज्य मागितलं नव्हतं तिने.

डोळा लागतो न लागतो तोच दार उघडलं.

"झोप तू, झोप," नवरा कुजबुजला. त्याची कुजबुज जिन्यापर्यंत ऐकू जाते. "आपल्या टीव्हीला ही पिनच बसत नाही. नव्या वस्तूंना संस्कारच नाहीत. वरच्या काकूंचा जुना टीव्ही आणतोय. हॉलमधलं टेबल डुगडुगतं, म्हणून इथे कपाटावर ठेवतो. तुला काही त्रास नाही."

गाभण म्हशीसारखा तो टीव्ही नवरा आणि धाकटा दीर कण्हत कण्हत घेऊन आले. मागोमाग काकूही आल्या. आपला टीव्ही परक्या घरी एकटा सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"निजलीस होय? नीज हो," म्हणत त्या पलंगावर बसल्या. तिच्या पायांवरच बसल्या, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

गेममध्ये कॅसेट घातली. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

नवऱ्याने कॅसेट काढून ओठांशी नेली आणि डोळे मिटून फुंकर घातली. लेकीच्या खरचटलेल्या गुडघ्यावरही कधी इतक्या मायेने घातली नव्हती. मुंग्या तशाच.

"थुंकतोयस तू, दादा. फुंकर आडवी मारायची," दीर म्हणाला. आडवीही मारून झाली. शेवटी काकूंनी कॅसेट पदराने खसखसून पुसली आणि गेम सुरू झाला.

चिंगीच्या हातातही एक रिमोट होता. ती मन लावून बटणं दाबत होती. तिच्या रिमोटची वायर कशालाच जोडलेली नव्हती. दीर त्या वायरीच्या टोकाकडे बघत राहिला.

"दादा, लहानपणी मलाही हाच रिमोट द्यायचास ना?"

"खेळाकडे लक्ष दे."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचो, जिंकलो म्हणून."

दोन टक्कल पडत चाललेले पुरुष एका वायरीवरून हमरीतुमरीवर आले. मधल्यामध्ये काकूंनी खरा रिमोट उचलला आणि त्या पडद्यावरचे खड्डे ओलांडत सुटल्या.

चिंगीने आईचं बोट ओढलं. "आई, बाबाला खेळू दे. आपण गाई करू."

दोघी हॉलमधल्या सोफ्यावर आल्या. लेकीचं गार कपाळ गळ्याशी आलं आणि आठवड्याची झोप एकदम अंगावर कोसळली.

"अगं, ऊठ." नवरा खांदा हलवत होता. "तुझा नंबर आला. म्हटलं, तू तरी का राहावंस? सगळे थांबलेत."

तिने चिंगीला अलगद बाजूला केलं, आत गेली, रिमोट घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात सरळ चालत गेली.

"मेले एकदाची," ती म्हणाली. "आता तरी झोपू द्या."

"असं कसं?" काकूंनी तिला हात धरून शेजारी बसवलं. "अजून दोन जीव आहेत की तुझे."