डबे ऐकणारे शांतूभाऊ

१७ एप्रिल, सकाळचे सात वाजून बावीस मिनिटे. वेळ नेमकी नोंदवून ठेवली आहे, कारण त्या क्षणी एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या डोक्यावर टिचकी मारली.

डोक्यावर हेल्मेट होते, हे मान्य. रत्नागिरीजवळच्या, आंब्याचा गर डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाची रसायनतज्ज्ञ म्हणून तो माझा पहिला दिवस. स्कूटर लावून मी फाटकाशी उभी होते. पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, खाकी शर्टातले हे गृहस्थ समोर आले. त्यांनी मान तिरकी केली, हेल्मेटवर दोन ठिकाणी मधल्या बोटाने टिचकी मारली आणि निकाल दिला.

"माथ्यावर बरं बोलतंय. डाव्या कानाशी बद्द हाय. पाडलंत कुठं?"

महिन्यापूर्वी हातखंब्याच्या वळणावर माझी स्कूटर घसरली होती. ही गोष्ट मी आईलासुद्धा सांगितलेली नव्हती.

"नवं घ्या. ह्याचा आता भरवसा न्हाय," असे म्हणून ते आत निघून गेले.

हे शांताराम धनावडे. कारखान्यात सगळे त्यांना शांतूभाऊ म्हणत. मी वयाचा मान राखून काका म्हणू लागले. त्यांचे काम एका वाक्यात सांगता येते: ते डबे ऐकत. गर भरून, बंद करून, शिजवून थंड केलेल्या डब्यात थोडी निर्वात पोकळी राहते आणि झाकण आत ओढले जाऊन ताणून बसते. सळीने हलके ठोकले की असे झाकण ठणठणीत बोलते. कुठून हवा शिरली असेल तर झाकण सैलावते आणि आवाज बद्द येतो. तो डबा आठवडाभरात फुगतो. शांतूभाऊ टोकाला गोळी असलेली वीतभर सळी घेऊन रांगेपुढे बसत आणि हजारोंतून असे डबे वेगळे काढत.

हे काम त्यांना का जमे, याचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. शांतूभाऊ हे मूळचे भजनातले मृदंगवाले. पंचक्रोशीत डबलबारीचा सामना ठरला, म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर ठाकले, की कोणत्या तरी एका बाजूला शांतूभाऊंचा मृदंग असे.

"मृदंगाची पुडी काय नि डब्याचं झाकण काय," ते मला समजावत, "दोन्ही ताणल्याबिगर बोलत न्हाईत. मृदंगाला वाद्या ताणतात, डब्याला आतली पोकळी. तुम्ही शिकलेली माणसं तिला काटा लावता. आधी बोलू तरी द्या तिला!"

"आधी बोलू द्या" हे त्यांचे जीवनसूत्र होते आणि ते कशालाही लागू पडे. खांब, कलिंगड, प्रयोगशाळेतली काचपात्रे, साहेबांच्या केबिनचे नवे दार. कोकणात फणस सगळेच ठोकून पाहतात; शांतूभाऊ ठोकून तो कापा की बरका, तेही सांगत. मी पाच फणसांवर हे ताडून पाहिले. चार बरोबर आले. पाचव्याबद्दल त्यांचे म्हणणे असे, की तो फणसच खोटं बोलला.

मात्र मृदंगावर कधी कुणाचे पोट भरलेले नाही, म्हणून त्यांनी तरुणपणापासून नोकऱ्या धरल्या, आणि मृदंगाने त्या एकेक करून सोडवल्या. आधी ते एका ट्रकवर क्लीनर होते. गाडी मागे घेताना क्लीनरने पत्र्यावर थापा मारायच्या आणि धोका दिसला की थांबायचे, असा रिवाज. शांतूभाऊंना एकसुरी थापा मारणे जड जाई. त्यांनी लग्गी, म्हणजे जलद नक्षीदार ठेका, धरला. ड्रायव्हर रसिक निघाला. तो तालावर मागे येत राहिला, आणि ट्रकचे मागचे चाक गटारात गेले.

त्यानंतर एका शाळेत शिपाई. तिथे ते तास संपल्याची घंटा तिहाई घेऊन वाजवत, म्हणजे एकच तुकडा तीनदा. मुलांनी त्याचा अर्थ तीन तास संपले असा लावला आणि दप्तरे उचलून घरी गेली. मुख्याध्यापकांनी शांतूभाऊंनाही घरी पाठवले.

शेवटी हा कारखाना. इथे ठोकण्याबद्दलच पगार मिळत होता. "म्हंजे वाजवायचं नि वर पगार!" असे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर आपण कुणाला तरी फसवतो आहोत असा आनंद असे.

रांगेवरच्या जयाताई मुद्दाम विचारत, "शांतूभाऊ, आज कनची चाल लावलाव? हात भरभर चाललेत!"

"मंगळवार हाय ना. देवीची."

"मग गुरुवारी जरा सावकाश घ्या. आमचे हात दुखतात."

एवढ्या लवचीक माणसाची एकच गोष्ट लोखंडाची होती. साडेपाच. साडेपाचचा भोंगा झाला की शांतूभाऊ हातातला डबा अर्धा ऐकून खाली ठेवत, सळी पुसून खणात टाकत आणि सायकलवर बसत. पाऊस असो, साहेबांची बैठक असो, मालक आलेले असोत. कुठे जाता विचारले, तर "घरी" एवढेच उत्तर. ते कुणालाच पटत नसे. फाटकावरच्या रखवालदाराच्या मते ते मुंबईच्या एखाद्या मोठ्या मैफलीची तयारी करत होते. जयाताईंच्या मते दुसरे बिऱ्हाड. माझे अनुमान साधे होते: रियाज. पुराव्याअभावी मी ते कुणाशी बोलले नाही.

मे महिन्यात आंबा धो धो आला आणि कारखान्याने दुसरी पाळी सुरू केली. डबे ऐकणारा माणूस एकच. साहेबांनी शांतूभाऊंना केबिनमध्ये बोलावले; मी नोंदवही घेऊन शेजारी होते. साहेब पुण्याचे. त्यांनी हंगामाचे महत्त्व, स्पर्धा, परदेशी ग्राहक आणि कारखाना म्हणजे एक कुटुंब कसे, यावर पाऊण घटका विवेचन केले. शांतूभाऊंनी ते मान डोलावत ऐकले.

"आलाप झकास झाला, साहेब," ते म्हणाले. "बंदिश काय?"

साहेबांचा चेहरा आवळला. "बंदिश अशी, की रात्री साडेनऊपर्यंत थांबायचं. जमत नसेल तर सोमवारपासून यायचं नाही."

"साडेपाचला मी जाणार, साहेब."

"मग सोमवारपासून येऊ नका."

"बरं," शांतूभाऊ म्हणाले, आणि निघताना सवयीने दारावर टिचकी मारली.

साहेब माझ्याकडे वळले. झाकणाचा ताण आपोआप मोजणारे एक यंत्र चाचणीसाठी आलेलेच होते. या माणसाची आणि यंत्राची तुलना करून शनिवारपर्यंत अहवाल द्या, म्हणाले. मी खोटे सांगणार नाही. मला तो अहवाल हवा होता. माझ्या नावावर निघणारा तो पहिलाच अहवाल, आणि त्यातला निष्कर्ष मला लिहिण्याआधीच दिसत होता. शांतूभाऊंची नोकरी त्या निष्कर्षात बसत नव्हती, हेही दिसत होते. शास्त्राला इलाज नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी दुपारी मी शंभर डबे मांडले. त्यांपैकी दहा मी स्वतः सदोष करून घेतले होते आणि खुणा तळाशी लपवल्या होत्या. शांतूभाऊंनी डोळे मिटून शंभर डबे ऐकले आणि अकरा बाजूला काढले.

अकरा! मला झालेला आनंद शोभणारा नव्हता. मी अकराव्या डब्यात पोकळी मोजणारा काटा खुपसला. तो मुळातच सदोष निघाला. माझ्याच चांगल्या नव्वदांत लपून बसला होता.

"तुमचा न्हवता तो," शांतूभाऊ समजुतीने म्हणाले. "आपल्या मनानं बिघडलेला हाय."

यंत्रानेही अकराच काढले, पण तिपटीने लवकर. मी आकडे तक्त्यात भरत होते, तेवढ्यात भोंगा झाला. मान वर केली, तर शांतूभाऊ नव्हते. तक्त्यावर त्यांची सही राहिली होती, आणि सहीशिवाय चाचणी अपुरी.

मी अहवाल पिशवीत टाकला आणि त्यांच्या वाडीची वाट धरली. हातखंब्यापासून आत, जांभ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जाणारा रस्ता. सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या अंगणाशी स्कूटर बंद केली. मृदंग ऐकू येत होता. माझे अनुमान बरोबर ठरल्याचे समाधान मला सुमारे चार सेकंद मिळाले. मग एक बाई गाऊ लागल्या.

आवाज गोड होता. सूरही पक्का. पण भजनी ठेक्याच्या मात्रा आठ असतात, आणि दर आठ मात्रांनी येणाऱ्या पहिल्या थापेवर गाणाऱ्याने व वाजवणाऱ्याने एकत्र यायचे असते, एवढे शांतूभाऊंनी मला जेवणाच्या सुट्टीत डब्यावर शिकवले होते. या बाई आठावर कधीच येत नव्हत्या. आवडलेला शब्द त्या सोडतच नसत; नावडता गिळून टाकत. तरी दर वेळी थाप बरोबर त्यांच्या शब्दाखाली पडत होती. आधी मला वाटले, मोजणे माझेच चुकते आहे.

पडवीत शांतूभाऊ मृदंग घेऊन बसले होते. समोर, पदर खोचून, त्यांच्या पत्नी सुनंदाकाकू. मला पाहताच त्या थांबल्या.

"अगो बाय, कारखान्यातली मॅडम! बस गो. आयकलंस ना? भजनी मंडळातल्या बायका म्हणतात, मी ताल सोडते. ताल सोडते मी? ह्यांच्या हातावर कशी बरोब्बर बसते! तिकडचा मृदंगवालाच कच्चा हाय. काय हो?"

शांतूभाऊंनी कौलांकडे पाहिले. "कच्चाच हाय तो."

काकू कोकम सरबत करायला आत गेल्या. मी दबक्या आवाजात म्हणाले, "काका, हे बरोबर नाही. तुम्ही ठेका ओढता आहात. मी मोजलंय."

"हळू बोला!" त्यांनी आत नजर टाकली. "मंडळानं हिला सांगितलं, तू आपली तोंड मिटून टाळ वाजव. दोन दिवस जेवली न्हाय."

"मग ताल शिकवा ना त्यांना."

"शिकवला की. आठ दिवस बसवून शिकवला. ती मोजायला लागली नि गायची थांबली."

शांतूभाऊ पुडीवर सुरासाठी थापलेली कणीक अंगठ्याने उगीच दाबत राहिले.

"तीस वर्षं माझ्या बाऱ्यांना आली. मांडवात मागं बसून माझी पिशवी सांभाळायची. हिला गळा हाय, हे मला ठावंच न्हवतं. मी इचारलंच न्हाय कधी." मग पुन्हा नेहमीच्या आवाजात: "सकाळी काजू सोलायला जाते, सातला चुलीशी बसते. मधला तेवढा तास हाय तिचा. तो मी साहेबाला कसा देऊ? माझा असता तर दिला असता."

मी सहीसाठी अहवाल पुढे केला. ते ओठ हलवत सावकाश वाचत गेले. शेवटच्या परिच्छेदात यंत्राची शिफारस होती. मी अंगणातल्या अबोलीकडे पाहू लागले.

"यंत्र घ्या म्हणून लिवलंत," ते म्हणाले. "बरं केलंत."

"काका, त्याचा अर्थ तुम्हाला कळला का?"

"कळला ना. साडेपाचनंतर त्याला बसवा की! त्याची घरी कोण वाट बघत न्हाय."

माणूस किंवा यंत्र, या प्रश्नात "किंवा" साहेबांनी घातले होते आणि मी ते तपासून पाहिलेच नव्हते. मी कागद परत घेतला, शेवटचा परिच्छेद खोडला आणि मांडीवर नवा लिहिला: पहिली पाळी धनावडे यांची, दुसरी यंत्राची, रोज शंभर डबे दोघांनी तपासून एकमेकांची खातरजमा करावी. शांतूभाऊंनी सही केली.

पुढचे आधीच सांगते. दुहेरी खातरजमा परदेशी ग्राहकांना आवडेल, हे शनिवारी साहेबांना एकाएकी सुचले. कल्पना त्यांचीच असल्याचे त्यांनी मला दोनदा सांगितले. सोमवारी शांतूभाऊ कामावर आले, त्यांनी यंत्राच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या आणि "पत्रा हलका हाय, पण पोरगं प्रामाणिक दिसतंय" असा शेरा दिला.

त्या शुक्रवारी मात्र मी सरबत संपवूनही उठले नाही. काकू पुन्हा गायला बसल्या. एव्हाना त्यांना माझी भीड उरली नव्हती, आणि मला मोजण्याची सवय आवरत नव्हती. चाचणीच्या तक्त्याच्या पाठीमागे मी एकेका आवर्तनाच्या मात्रा लिहू लागले. आठ. साडेआठ. पावणेआठ. नऊ. मग एका ओळीत काकूंना एक शब्द फारच आवडला. त्यांनी डोळे मिटले आणि तो धरला, पुन्हा उचलला, वळवला, पुन्हा धरला. शांतूभाऊंचा हात पुडीवर अधांतरी थांबला. कारखान्यात बद्द डबा क्षणभर हातात न ठेवणारा तो माणूस तोंड किंचित उघडे ठेवून, वाट पाहत बसला होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. काकूंनी शब्द सोडला. थाप त्याच्याखाली अलगद पडली.

मी लिहिले: सव्वाअकरा.