पाणवठ्याचं नवं पान

एका जंगलात, बाळांनो, एक म्हातारं साळिंदर राहत होतं. अजूनही राहतं. तेच तुम्हांला ही गोष्ट सांगतंय. गोष्ट सांगणारा बहुतेक वेळा शहाणा असतो. इथे तशी अपेक्षा ठेवू नका.

आमच्या जंगलात पाणवठा एकच. त्याला दोन काठ, डावा आणि उजवा. पाण्यात एक मगर. फार वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून एक रीत ठरवली. मगरीनं दिवसभर एका काठाला राहायचं, बाकीच्यांनी दुसऱ्या काठाला प्यायचं. आज कुठला काठ कुणाचा, ते पाणी बघून मी ठरवायचं आणि सकाळी मोबाइलवरच्या पानावर लिहायचं.

जंगलात मोबाइल कुठून आले ते विचारू नका. गोष्टीत येतात.

माझं पान अगदी साधं होतं. एकाखाली एक दोन ओळी. ‘मगरबाई : उजवा काठ. बाकी सगळे : डावा काठ.’ मगरीचं नाव मी नेहमी आधी लिहीत असे. ती मानपानाला जपते, आणि मी जिवाला.

एके दिवशी पहाटे टिटवी आली. ती मानक समितीची चिटणीस होती. समितीत ती एकटीच होती, पण आवाज चौघांचा होता.

“आबा, हे काय पान म्हणायचं? पलीकडच्या जंगलात पानं कशी झालीत बघा जरा! नवं मानक आलंय.”

“म्हणजे काय गं?”

“म्हणजे शेजारी शेजारी दोन रकाने. डावा रकाना म्हणजे डावा काठ, उजवा म्हणजे उजवा. एकात मगरीचं चित्र, दुसऱ्यात थेंबाचं. काठाचं नाव लिहायचंच नाही. जागाच सांगते!”

मला ते फार आवडलं. खरं सांगतो, मला कळलं नव्हतं. पण न कळलेलं आवडलं म्हटलं की चारचौघांत बरं दिसतं.

मी अंगावरचा एक काटा उपटला आणि लिहायला बसलो. सवयीप्रमाणे मगर आधी लिहिली. आधी लिहिलेलं डावीकडे बसतं. मगर त्या दिवशी उजवीकडे हवी होती.

“पुसू नका,” टिटवी म्हणाली. “नव्या मानकात एक हुकूम आहे. तो खाली लिहा, रकाने आपोआप जागा बदलतात.”

मी हुकूम लिहिला. टिटवीच्या नव्या मोबाइलवर रकाने फुलपाखरासारखे इकडचे तिकडे गेले. मगर उजवीकडे, थेंब डावीकडे.

“जुन्या मोबाइलवर पण असंच दिसेल ना?” मी विचारलं.

“त्यांनी नवा घ्यावा,” टिटवी म्हणाली.

माझाही मोबाइल जुनाच. पण मी तो उघडून पाहिला नाही. त्यात काय दिसेल याची मला थोडी शंका होती, म्हणूनच.

आता हे नीट ऐका. पान दाखवतो तो ब्राउझर. नवा हुकूम ज्या ब्राउझरला कळत नाही, तो भांडत नाही, विचारतही नाही. गप्प बसतो आणि आपलं जुनंच दाखवतो. थोडक्यात, माझ्यासारखा असतो.

उजाडल्यावर ठिपकी हरिणी आली. बरोबर तिचं पाडस. त्याची जीभ कोरडी पडली होती.

“आबा, माझ्या पानावर मगर डावीकडे आहे. टिटवीच्या पानावर उजवीकडे. पोराला कुठे नेऊ?”

“पोरी, तुझा ब्राउझर जुना,” मी म्हणालो. “टिटवीचं बरोबर. खुशाल डावीकडे जा.”

“नक्की ना आबा?”

“मीच लिहिलंय ते!”

“हो आबा,” असं म्हणून ती डावीकडे वळली आणि करवंदीच्या जाळीमागे दिसेनाशी झाली.

थोड्याच वेळात डाव्या काठाकडून आरडाओरडा आला. माझे सगळे काटे उभे राहिले. तिला तिकडे मीच पाठवलं होतं. मी धावलो. साळिंदर धावतं तेव्हा खुळखुळ्यासारखा आवाज येतो. एरवी मला लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

डाव्या काठावर मगर आडवी पसरली होती. रानडुकराचा अर्धा कान गेला होता. टिटवी वर घिरट्या घालत होती आणि तिची शेपटी मगरीच्या तोंडात होती.

“ठिपकी कुठाय?” मी ओरडलो. “तिचं पाडस?”

“मला काय विचारता?” मगरीनं पिसं थुंकली. तिनं चिखलातला मोबाइल माझ्यासमोर धरला. “हे तुमचंच पान ना? माझं चित्र कुठाय? डावीकडे. मग मी आले.”

“अगं, तुझा ब्राउझर जुना आहे!” टिटवी वरून किंचाळली.

“असेल,” मगर म्हणाली. “दात नवे आहेत.”

तेवढ्यात माझी नजर समोरच्या काठावर गेली. तिथे पाडस पाणी पीत होतं. ठिपकी त्याच्याजवळ उभी होती. मला पाहून तिनं मान खाली घातली.

“आबा, रागावू नका,” ती तिकडून म्हणाली. “तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून आधी डावीकडे वळले. मग जाळीमागून इकडे आले.”

मी कसला रागावतोय! मी तिथेच चिखलात बसलो.

संध्याकाळी मानक समितीची सभा झाली. ठराव असा झाला : पान निर्दोष आहे, मगर सदोष आहे. मला प्रमाणपत्र दिलं. ते माझ्या मोबाइलवर उघडत नाही.

आता मी रोज सकाळी नव्या मानकाप्रमाणे पान लिहितो. मग काठापासून वीस पावलांवर उभा राहतो आणि विचारतो, “मगरबाई, आज तुम्हांला कुठला काठ दिसतोय?” ती सांगते. मी ठिपकीला त्याच्या समोरचा काठ सांगतो.

“हो आबा,” ती म्हणते आणि मी सांगितलेल्या बाजूला वळते.

जाळीमागून पुढे ती कुठे जाते, ते मी बघत नाही.

तात्पर्य : नवं मानक अवश्य स्वीकारावं, त्यानं प्रमाणपत्र मिळतं. पाणी मात्र मगरीला जे पान दिसतं, ते पाहून प्यावं.