हिरड्यांचा दरारा

साहेब तक्रार विभागात आल्यापासून पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या. नळाला पाणी पूर्वीइतकंच कमी येत होतं. माणसंही पूर्वीसारखीच तावातावाने आत शिरत. पण साहेब टेबलावरून पुढे वाकून "बोला" म्हणाले, की ती एकदम नरम पडत. "राहू द्या साहेब, बघू पुढच्या महिन्यात," म्हणून काढता पाय घेत. कारकून हात लांब करून सहीचे कागद पुढे सरकवत आणि कशावरही हुज्जत घालत नसत. शिपाई तर दारातूनच हुकूम ऐके.

"याला दरारा म्हणतात," साहेब जेवताना बायकोला सांगत. "आवाज चढवायचाच नाही. नुसतं समोर बसायचं."

बायको जेवणाच्या टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी बसत असे. ती मान हलवी आणि ताटातलं संपवी.

साहेबांना आपल्या दातांचा अभिमान होता. एकही किडलेला नव्हता. काही वर्षांपूर्वी ब्रश करताना उजवीकडच्या हिरडीतून रक्त आलं, तेव्हा त्यांनी सरळ विचार केला, की घासल्याने रक्त येतं, म्हणजे घासू नये. उजवी बाजू सोडून दिली. मग डावीकडून आलं, तीही सोडली. शेवटी घासायला समोरचे चार दात तेवढे उरले. ते मात्र साहेब आरशात बघून मन लावून घासत.

"एकदा डॉक्टरांना दाखवा," बायको तेव्हा म्हणाली होती.

"कीड नाही, दुखत नाही. दाखवायचं काय?"

तिने पुन्हा विषय काढला नाही. खुर्ची तेवढी हलवली.

वरच्या कार्यालयाने तक्रारींचे आकडे पाहिले आणि साहेबांना सगळ्या शाखांचं प्रमुख करायचं ठरवलं. त्याआधी त्यांनी इतर शाखांतल्या अधिकाऱ्यांना आपली पद्धत शिकवावी, असंही ठरलं. साहेबांनी आठवडाभर खपून भाषण बसवलं.

खोली लहान होती, खिडक्या बंद होत्या आणि पंखा साहेबांच्या पाठीमागे होता. "तक्रारदाराच्या जवळ जा," असं म्हणत साहेब पहिल्या रांगेजवळ गेले. पहिली रांग मागे रेलली. एक बाई पडलेलं पेन शोधायला टेबलाखाली गेल्या, त्या वर आल्याच नाहीत.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले. "मी अजून काही बोललोसुद्धा नाही." आणि समाधानाने त्यांनी चहाबरोबर आलेलं बिस्कीट दातांनी तोडायला घेतलं. बिस्कीट तुटलं नाही. सुळा हलला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मास्क लावला, साहेबांच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि पहिल्या मास्कवर दुसरा चढवला.

"दात चांगले आहेत," त्या म्हणाल्या.

"तेच तर मी म्हणतोय."

"घर चांगलं आहे, पाया गेलाय. रक्त आलं म्हणून घासणं सोडलंत ना? अहो, घाण साचते म्हणून रक्त येतं. तिथेच हलक्या हाताने, हिरडीच्या कडेकडेने घासायचं असतं. दातांच्या फटीतून दोरा फिरवायचा असतो. साचू दिलं की त्याचा दगड होतो, हिरडी दातापासून सुटते आणि आतलं हाड झिजायला लागतं."

"पण दुखलं नाही कधी."

"बहुतेकांना नाहीच दुखत. दुखलं असतं तर वेळेवर आला असतात." त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. "आणि वासाबद्दल कुणी काही बोललं नाही?"

"कसला वास?"

डॉक्टरीणबाईंची मदतनीस खिडकी उघडायला गेली.

साहेब खुर्चीत आडवे पडून छताकडे बघत राहिले. दारात थबकलेला शिपाई दिसला. कारकुनांचे लांब केलेले हात दिसले. टेबलाखालच्या बाई दिसल्या नाहीत, पण आठवल्या.

उपचार बरेच महिने चालले. दगड खरवडून काढला, सुळा गेला, बाकीचे दात वाचले. साहेब सकाळ-रात्र, हलक्या हाताने, सगळीकडे घासू लागले.

आणि तक्रारी वाढल्या. माणसं आता खुर्ची ओढून बसत आणि टेबलावर कोपर टेकून आपल्या नळाचा जन्मापासूनचा इतिहास सांगत. कारकून प्रत्येक कागदावर वाद घालू लागले. शिपाई कानाशी येऊन घरच्या कटकटी सांगू लागला.

"तू मला आधी वासाचं का सांगितलं नाहीस रे?" साहेबांनी त्याला विचारलं.

"तुम्ही खूश दिसायचात, साहेब," शिपाई म्हणाला. "आणि खरं सांगू का? आम्हालाही बरं होतं. काम लवकर उरकायचं."

वरच्या कार्यालयाने पुन्हा आकडे पाहिले. साहेबांची पकड सुटली, असा निष्कर्ष काढला आणि प्रमुखपद टेबलाखाली गेलेल्या त्या बाईंना दिलं.

साहेबांनी ते मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं. पद गेलं तर गेलं, घर तर आहे. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः टेबल पुसलं आणि बायकोचं ताट आपल्या शेजारी मांडलं. खिडकीपाशी ठेवलेली तिची खुर्चीही ओढून आणली.

ती आली आणि उभीच राहिली.

"आता वास येत नाही," साहेब म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"माहितीये. गेल्या महिन्यापासूनच येत नाही."

"मग बस की इथे."

तिने आधी ताट उचलून खिडकीपाशी नेलं. मग खुर्ची नेली, नीट सरळ केली आणि बसली.

"अहो, सवय झालीये आता," ती म्हणाली. "इथून रस्ता दिसतो. आणि तुमचं बोलणंही फारसं ऐकू येत नाही."