सगळ्यांचं उत्तर एकच

या, असे पुढे सरकून बसा, मागे वारा लागतोय. देवाच्या कृपेने एक गोष्ट सांगतो. आंबट आहे, पण गोड मानून घ्या.

पोतोसी नावाच्या दूरदेशीच्या शहरात, एका कॉलेजात सबिनो काल्ले रसायन शिकवायचे. माणूस देवासारखा, आणि देवासारखाच एकटा. दुपारी सगळे जेवायला पांगले की हे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ब्रेड चावत बसायचे. नवे आले तेव्हा कुणीतरी जेवायला बोलावलं होतं. संकोचाने "नको" म्हणाले, आणि ते "नको" सगळ्यांनी कायमचं धरलं.

त्यांचा सगळा जीव पोरांच्या प्रयोगांत. पण उत्तरं वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाला वारशाने यायची. काचेच्या नळीकडे बघतंय कोण! शेवटी सबिनोंनी विभागप्रमुख डोन्या ओतिलियांना, डोन्या म्हणजे आपल्याकडचं 'बाई', गळ घातली.

"प्रत्येकाने आपल्या घरातलं आंबट आणावं, त्यातलं आम्ल मोजावं. उत्तर मलाही ठाऊक नसेल!"

"एकदा करून बघा," ओतिलिया म्हणाल्या. "फसलं तर जुनंच चालू."

पोरांनी बाटल्या आणल्या. थेंब थेंब क्षार पडला, पाणी गुलाबी झालं, आकडे फळ्यावर चढले आणि सबिनोंचा चेहरा उतरला. दशांशाचा फरक सोडला तर सगळ्यांचं उत्तर एकच!

"लाज आहे का रे? आंबट घरचं आणि उत्तर शेजारच्याचं?"

"आईशप्पथ, प्रोफे! स्वतः मोजलंय," एफ्राइन नावाचा पोरगा कळवळला.

"मग पुन्हा मोजा. एकेकट्याने. माझ्यासमोर."

पुन्हा तेच. आता सबिनोंना नळीचाच संशय आला. लिंबू पिळून मोजलं, तर आकडा भलताच. म्हणजे नळी ठीक. तेवढ्यात दारात ओतिलिया.

"शेवटी नक्कलच ना, सबिनो?"

सबिनो पोरांकडे वळले. "एफ्राइन, तुझं आंबट कुठलं?"

"डोन्या ग्रिसेल्दाच्या लोणच्याच्या बरणीतलं आंबट पाणी."

"आणि तुझं, नायरा?"

"तेच की."

"तू तिच्याकडे राहतेस?"

"राहत नाही, प्रोफे, जेवते. महिन्याची खाणावळ लावलीय. आम्ही खोल्या घेऊन राहणारे, घरात आंबट कुठलं? सगळेच तिथे जेवतात." मग नायरा हळूच म्हणाली, "तुम्हीच येत नाही."

"मीही तिथेच जेवते," ओतिलिया पुटपुटल्या. मग त्यांनी फळा पुन्हा निरखला. "म्हणजे एकाच बरणीचं आंबट, आणि एकमेकांचं न बघता सगळ्यांनी बरोबर मोजलं? इथे असं कधी झालं नव्हतं! चालू ठेवा, सबिनो."

सबिनो जिंकले. तरी फळा पुसताना हात जड झाला. सगळं कॉलेज एका बरणीत चमचा घालत होतं, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

"पुढच्या वेळी निराळं आंबट लागेल," ते म्हणाले.

"तुमच्या घरचं आणा ना!" नायरा म्हणाली.

"माझ्या घरी... आंबायला काही उरतच नाही, बाळ."

एफ्राइनने सरळ त्यांचा दंड धरला आणि खाणावळीकडे नेलं.

ग्रिसेल्दाबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती. पोरांनी सांगितलं तशी कडाडली, "अस्सं! माझी बरणी कोरडी पाडणारे तुम्ही होय? चोर शोधून शोधून दमले मी! बसा आधी. जेवा. शिव्या मग देते."

त्या शिव्या पुढे रोज जेवणानंतर मिळत राहिल्या. ग्रिसेल्दाबाई आता देवाघरी आहे. बाबांनो, पानावर बसाल तेव्हा तिची आठवण काढा.